स्थळ फोटोवरून ठरत नाही

आपल्याकडे लग्न जमवताना आधी फोटो येतो, मग पत्रिका येते आणि माणूस सर्वांत शेवटी येतो. फोटो आला की घरात चर्चासत्र भरते. कुणाला नाक बसके वाटते, तर कुणाला उंचीबद्दल शंका येते. एखादी शहाणी आत्या म्हणते, "अहो, आधी भेटा तर खरे!" पण आत्याचे तेव्हा कोणी ऐकत नाही.

हल्ली हीच तऱ्हा मोबाइल फोनची झाली आहे. फोन बाजारात यायला चार-सहा महिने अवकाश असतो. कंपनीने अवाक्षरही काढलेले नसते. तरी त्याचा फोटो मात्र कुठून तरी फुटतो आणि जगभर फिरतो. तो नांदेडच्या वजिराबादेत पोहोचतो आणि लातूरच्या शिकवण्यांच्या बाहेर चहाच्या टपरीवर उभ्या असलेल्या पोरांच्या हातातही पोहोचतो. "कॅमेरा लईच बाहेर आलाय," असे एक जण म्हणतो. दुसरा म्हणतो, "गेल्या वर्षीचाच हाय की, रंग तेवढा बदललाय." ज्यांना तो फोन घ्यायचा आहे त्यांच्यापेक्षा ज्यांना कधीच घ्यायचा नाही, त्यांची मते अधिक ठाम असतात. मतदानाचा हा एकच प्रकार असा आहे की त्याला खिशात पैसे असावे लागत नाहीत!

हे फोटो फुटतात कसे? एका दुकानदाराने मला सहज सांगितले, "साहेब, फोन यायचाय अजून, पण त्याची कव्हरं आधी येऊन पडतात." त्यात सगळे मर्म आहे. कव्हर करणाऱ्याला फोनची लांबी, रुंदी आणि कॅमेऱ्याची जागा आधी कळावी लागते. त्यासाठी कारखान्यांतून निघालेले आराखडे हातोहात फिरतात. त्यांवरून संगणकावर हुबेहूब चित्रे काढणारी मंडळी आहेत. 'ऑनलीक्स' या नावाने ओळखला जाणारा एक फ्रेंच गृहस्थ तर त्यासाठी जगप्रसिद्ध आहे. २०१९ साली आयफोनच्या मागे चौकटीत बसवलेल्या तीन कॅमेऱ्यांची चित्रे अशीच आधी आली आणि लोकांनी त्याची 'शेगडी' करून टाकली. त्याच वर्षी जून महिन्यात गूगलने आणखी मजा केली. आपल्या पिक्सेल ४ ची चित्रे फुटताहेत असे पाहून कंपनीने स्वतःच त्याच्या पाठीमागचा फोटो प्रसिद्ध केला. घरातली भांडणे शेजाऱ्याने सांगण्यापेक्षा आपणच सांगितलेली बरी, असा तो व्यवहार.

पण या सगळ्या प्रकारातली सर्वांत बोधप्रद गोष्ट २०१० सालची आहे. ती जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील रेडवुड सिटी या गावी अ‍ॅपल कंपनीचा एक तरुण अभियंता मार्च महिन्यात एका बिअर मिळण्याच्या ठिकाणी गेला होता. चाचणीसाठी दिलेला नवा फोन त्याच्याकडे होता. तो ओळखू येऊ नये म्हणून जुन्या फोनसारखे दिसणारे आवरण त्यावर चढवलेले होते. तो फोन तिथे राहून गेला. ज्याच्या हाती लागला त्याच्याकडून तो 'गिझमोडो' या प्रकाशनाने ५००० डॉलर देऊन मिळवला, उघडून पाहिला आणि १९ एप्रिलला त्याची चित्रे जगासमोर मांडली. पुढे पोलिस आले, संपादकाच्या घराची झडती झाली. फोन परस्पर विकल्याच्या प्रकरणात दोघांना २०११ साली परिवीक्षा आणि समाजसेवेची शिक्षा झाली. सापडलेली वस्तू ज्याची त्याला द्यावी, हे आपल्याकडे पहिलीतल्या पोरालाही शिकवतात. पण वस्तूची किंमत वाढली की तो धडा अवघड होतो, हे मी बँकेच्या नोकरीत पुष्कळ पाहिले आहे.

आता लोक काय म्हणाले ते पाहा. फोनच्या कडेने पोलादी पट्टी होती आणि त्या पट्टीत मधेमधे काळ्या फटी होत्या. त्या फटींनीच लोकांचे लक्ष वेधले. इतकी सफाईदार कंपनी असले सांधे ठेवीलच कशी? हा बनावट फोन असणार, असेही काहींनी सांगून टाकले. ७ जूनला स्टीव्ह जॉब्ज नवा फोन घेऊन व्यासपीठावर आले, तेव्हा "हे तुम्ही आधीच पाहिले असेल तर मला थांबवा," असे म्हणून त्यांनी सभागृहाला हसवले. मग त्यांनी फटींचा खुलासा केला. ती पोलादी पट्टीच फोनचा अँटेना होती आणि त्या फटींनी तिचे भाग पाडलेले होते. टीकाकारांची तोंडे बंद झाली.

पण गोष्ट इथे संपत नाही. २४ जूनला फोन लोकांच्या हातात पडला आणि काही दिवसांतच तक्रारी सुरू झाल्या. डाव्या हातात विशिष्ट तऱ्हेने धरला की तळवा नेमका डावीकडच्या खालच्या फटीवर येई आणि संदेशाची ताकद घटे. अखेर १६ जुलैला कंपनीला वार्ताहर परिषद घेऊन कडेला लावायची आवरणे फुकट वाटण्याची घोषणा करावी लागली.

वाचकहो, गंमत लक्षात घ्या. चित्र पाहून लोकांनी नेमके त्या फटीवरच बोट ठेवले होते. तरी त्या फटीतला खरा दोष एकालाही दिसला नाही, कारण दोष डोळ्यांना दिसणारा नव्हताच. तो हाताला कळणारा होता. चित्राला रूप असते, पण ते हातात धरता येत नाही.

आपल्याकडेही असा एक फोटो फुटला होता, आणि तो फोनचा नव्हता. नोव्हेंबर २०१६ च्या पहिल्या आठवड्यात २००० रुपयांच्या गुलाबी नोटेची छायाचित्रे भ्रमणध्वनीवर फिरू लागली. ८ तारखेच्या रात्री जुन्या ५०० आणि १००० च्या नोटा रद्द झाल्या आणि ती नोट खरी ठरली. मी तेव्हा नोकरीत होतो. काउंटरसमोरच्या रांगेत नोटेच्या रंगावर विनोद चालत. कुणी तिला चूर्णाच्या पुडीचे वेष्टण म्हणे. नोटेत म्हणे चिप आहे आणि जमिनीखाली पुरली तरी ती सरकारला दिसते, ही अफवा तर सुशिक्षितही शपथेवर सांगत. असली काही चिप नव्हती.

या सगळ्या गदारोळात नोटेच्या आकाराबद्दल मात्र कोणी बोलत नव्हते. जुनी हजाराची नोट १७७ मिलिमीटर लांब आणि ७३ मिलिमीटर रुंद होती. नवी नोट १६६ बाय ६६ निघाली. एटीएमचे खण जुन्या मापाचे असल्याने देशभरातील सुमारे दोन लाख यंत्रे जुळवून घ्यावी लागली आणि तोवर माणसे रांगेत उभी राहिली. अंधांचीही पंचाईत झाली, कारण ते बोटांनी लांबी-रुंदी चाचपून नोट ओळखतात. आणि दोन हजाराची नोट घेऊन पावशेर मिरची आणायला निघालेल्या बाईला सुटे देणार कोण? १९ मे २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने ती नोट चलनातून मागे घेत असल्याचे जाहीर केले. लोकांना तिचा रंग आवडला नाही म्हणून ती गेली नाही, हे सांगायला नकोच.

लातूर जिल्ह्याने तर हा धडा फार मोठी किंमत मोजून घेतला आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट कोण विसरेल? गणपती विसर्जन करून दमून झोपलेली किल्लारी आणि आसपासची गावे माती-दगडांच्या जाड भिंतींखाली गाडली गेली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवायचे ठरले. सरळ रस्ते, रांगेत घरे, सिमेंटच्या भिंती असे नव्या गावांचे आराखडे आले. ज्यांनी दगडाखालून आपली माणसे काढली होती, त्यांना तो कागद देवासारखा वाटला असेल तर नवल नाही. घरे जमिनीच्या प्रमाणात २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची होती. ती भक्कम होती, यात शंका नाही.

पण राहायला गेल्यावर प्रश्न पडू लागले. बैल कुठे बांधायचा? ज्वारीची पोती कुठे ठेवायची? माळवदाच्या घरात उन्हाळ्याच्या दुपारी जो गारवा होता, तो पातळ भिंतीत कुठून आणायचा? ढेलजेत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलणाऱ्या म्हाताऱ्याने आता कुठे बसायचे? रुंद रस्त्यांनी घरे एकमेकांपासून लांब गेली आणि शेजार तुटला. मग लोकांनीच पुढेमागे पत्रे टाकले, कुडे घातले, ओटे बांधले आणि घर आपल्या मापाचे करून घेतले. आराखड्यावर मत विचारले असते तरी हे सगळे आधी सांगता आले असते का, कोण जाणे. काही गोष्टी संसार मांडल्याखेरीज कळत नाहीत.

उलट लातूरची गंजगोलाई पाहा. मुख्य इमारत १९१७ ची, आणि तिच्याभोवती १६ रस्ते येऊन मिळतात. हा नकाशा त्या काळी कुणी फोडला असता, तर "हे काय गाडीचे चाक काढून ठेवले!" असे नक्की कोणी तरी म्हणाले असते. पण शंभर वर्षे होऊन गेली, गिऱ्हाईक अजून त्याच चाकाच्या आऱ्यांवरून बाजारात येते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की फुटलेल्या चित्रावर पोरांनी खुशाल बोलावे. त्यात आनंद आहे आणि तो फुकटही आहे. फक्त प्रश्न थोडे बदलावेत. २०२१ पासून आपल्या राज्यात शेतकऱ्याला ई-पीक पाहणीसाठी बांधावर उभे राहून पिकाचा फोटो काढावा लागतो. सातबाऱ्यावरची नोंद त्यावर अवलंबून असते आणि पुढे मदतीची वेळ आली की ती नोंदच पाहिली जाते. ऑगस्टच्या उन्हात पडद्यावरची अक्षरे दिसतात का? खुरपून, नांगरून झिजलेल्या बोटाचा ठसा फोन ओळखतो का? चिखलात पडला तर जगतो का? दिवसभर वीज नसली तर बॅटरी पुरते का? मागचे कॅमेरे शेगडीसारखे दिसतात की फुलासारखे, याने सोयाबीनच्या नोंदीत काही फरक पडत नाही.

हे प्रश्न कॅलिफोर्नियात कोणी विचारणार नाही. ते नांदेड-लातूरकडच्या माणसांनीच विचारायचे आहेत, आणि ते फोटो पाहून सुटणारे नाहीत. त्यासाठी दुकानात जाऊन वस्तू हातात घ्यावी, ती घेऊन दोन मिनिटे उन्हात उभे राहावे, आणि जमलेच तर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाच्या हाती देऊन पाहावी. मग रंगाचे काय ते ठरवावे.