नऊपट मोठं गाव

कर्नाटकातल्या जोयडा तालुक्याच्या नकाशावर कुठंही बोट ठेवा, बहुधा ते जंगलावरच पडेल. काळी नदी इथल्याच डिग्गी गावाजवळ उगम पावते. क्षेत्रफळ सुमारे 1,900 चौरस किलोमीटर, माणसं मात्र पन्नास हजारांच्या आसपास. घरं वाड्यावाड्यांत विखुरलेली. कर्नाटकात हायस्कूल आठवीपासून सुरू होतं, म्हणजे सातवी झाली की शाळा एकदम लांब जाते. मधली रानवाट आणि घाटाचा चढ पाहून घरात पहिली काळजी मुलीचीच होते. 2006-07 मध्ये कर्नाटक सरकारनं सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या आठवीच्या मुलामुलींना मोफत सायकली द्यायला सुरुवात केली. या एका वस्तूनं नेमकं काय बदलतं, हे मोजून पाहिलं की थक्क व्हायला होतं.

पायी चालणारी मुलगी तासाला साधारण पाच किलोमीटर जाते. घराभोवती तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर त्यात 78 चौरस किलोमीटर मुलूख येतो. सायकलवर सपाटीला तीच मुलगी तासाला पंधरा किलोमीटर जाईल. आता वर्तुळात 700 चौरस किलोमीटरहून जास्त! वेग तिप्पट झाला आणि आवाक्यातला मुलूख नऊपट. जोयड्याच्या चढउतारांत वेग दहावर आला, तरी हा मुलूख चौपट राहतोच. आणि यासाठी तिला जास्त ताकद लागत नाही. चालताना प्रत्येक पावलाला आपण स्वतःचं वजन उचलतो आणि सावरतो. सायकलवर ते वजन सीट पेलते, पायांना फक्त पुढं ढकलायचं उरतं. त्यामुळे सपाट रस्त्यावर तेवढ्याच अंतराला चालण्याच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकीच शक्ती खर्च होते.

असं यंत्र बायकांच्या हाती यायला मात्र वाट पाहावी लागली. जुन्या उंच चाकाच्या सायकलवर लांब झगा घालून चढणं जवळपास अशक्यच होतं. 1885 मध्ये इंग्लंडच्या जॉन केम्प स्टार्लीनं दोन जवळपास सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी ‘रोव्हर’ आणली. 1888 मध्ये डनलॉपनं हवेचं टायर आणलं. मग वरची आडवी दांडी खाली वाकवून लेडीज सायकल तयार झाली. पण त्या दांडीनं सांगाड्याचा त्रिकोण साधतो आणि त्रिकोण हा न डगमगणारा आकार. तो मोडल्यावर बळकटीसाठी जास्त पोलाद घालावं लागे, म्हणजे पोशाखाची किंमत वजनात मोजायची. 1894 मध्ये बोस्टनहून जगप्रवासाला निघालेली ॲनी लंडनडेरी, तीन मुलांची आई, सुरुवातीला अशाच जड लेडीज सायकलवर होती. शिकागोत तिनं ती सोडली, निम्म्या वजनाची पुरुषांची सायकल घेतली आणि झगाही बदलला.

आपल्याकडे याच दांडीची गोष्ट अगदी वेगळ्या अंगानं घडली. 1991 च्या सुमारास तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात, शीला राणी चुंकत कलेक्टर असताना, साक्षरता मोहिमेत अक्षरांबरोबर सायकलही शिकवली गेली. एक लाखाहून अधिक बायका शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा बायकांनी जेंट्स सायकली घेतल्या. काहींना त्याच जास्त आवडल्या, कारण दांडीवर मूल बसवता येत होतं!

सायकलीचा मुलींच्या शाळेवर होणारा परिणाम बिहारमध्ये मोजला गेला. तिथं 2006 पासून नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळाले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांना आढळलं, की माध्यमिक शाळेतली मुलींची नोंदणी 32 टक्क्यांनी वाढली आणि मुलगा-मुलगी यांतली दरी 40 टक्क्यांनी घटली. शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब होती, अशा गावांत फरक सर्वांत ठळक होता. ही अट जोयड्यातल्या किती वाड्यांना लागू पडत असेल! महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळाल्या.

आणि हे वर्तुळ किती वाढू शकतं? वेदांगी कुलकर्णी या मराठी मुलीनं 2018 मध्ये, विसाव्या वर्षी, पर्थहून निघून 159 दिवसांत सुमारे 29,000 किलोमीटर सायकल चालवली. अख्खी पृथ्वीच तिच्या वर्तुळात आली.

कोविडच्या वर्षांत कर्नाटकातलं सायकलवाटप थांबलं. सायकलीचा खर्च लिहिताना हिशेबाच्या दुसऱ्या बाजूला काय मांडायचं, ते वरच्या आकड्यांत आहे. डोंगराळ तालुक्यात प्रत्येक वाडीजवळ हायस्कूल बांधता येणार नाही. पण मुलीच्या हातात सायकल देऊन हायस्कूल तिच्या वर्तुळात आणता येतं, आणि शाळा सुटल्यावरही ते वर्तुळ तिचंच राहतं.