थॉमस सोवेल यांच्याबद्दलचे समज आणि वस्तुस्थिती

थॉमस सोवेल उजव्या विचारांचे, म्हणजे खात्यापित्या घरातले आणि शिकागो विद्यापीठात मुक्त बाजाराचे पुरस्कर्ते अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांच्या वर्गात घडलेले, असं अनेकजण धरून चालतात. हे चित्र खरं नाही. १९३० साली नॉर्थ कॅरोलिनातल्या गॅस्टोनियात जन्मलेले हे कृष्णवर्णीय अर्थतज्ज्ञ हार्लेममध्ये वाढले, शाळा अर्धवट सोडून कामाला लागले, मरीन दलात छायाचित्रकार होते आणि मगच हार्वर्डला पोचले. तरुणपणी ते मार्क्सवादी होते. पुढे शिकागोत फ्रीडमन यांच्या हाताखाली शिकूनही मार्क्सवादीच राहिले. त्यांचं मत बदललं ते सरकारी खात्यात. १९६० च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या कामगार खात्यात काम करताना पोर्तो रिकोच्या साखर उद्योगातलं किमान वेतन हा विषय त्यांच्याकडे आला. वेतन वाढत होतं तशी बेकारीही वाढत होती. किमान वेतन कायद्याचे समर्थक म्हणत, वादळांनी ऊस आडवा केला म्हणून काम गेलं. विरोधक म्हणत, मजुरी महागली म्हणून. सोवेल यांनी सुचवलं की वादळ येण्याआधी शेतात किती ऊस उभा होता, त्याचे आकडे मागवा, म्हणजे सोक्षमोक्ष लागेल. ही सूचना ऐकून वरिष्ठ खूश होण्याऐवजी हादरले. हाच कायदा राबवण्यावर खात्यातल्या बऱ्याच नोकऱ्या चालत होत्या. धोरणाचा हेतू कितीही चांगला असो, त्याचा परिणाम मोजायलाच हवा, हा आग्रह सोवेल यांच्या पुढच्या सगळ्या लेखनात दिसतो, आणि माझ्या मते त्यांची खरी ओळख तीच आहे.

ते रिपब्लिकन पक्षाचे प्रवक्ते आहेत हा समजही टिकत नाही. १९७२ पर्यंत त्यांची नोंद डेमोक्रॅट म्हणून होती. त्यानंतर ते कोणत्याच पक्षात गेले नाहीत. १९८० पासून स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या हूवर संस्थेत संशोधन, जोडीला २०१६ अखेरपर्यंत वृत्तपत्रांतला स्तंभ, असं त्यांचं काम चालू राहिलं.

सर्वांत मोठा गैरसमज असा की सोवेल वर्णभेद नाकारतात. ते तो नाकारत नाहीत. दोन गटांत तफावत दिसली की तिचं एकमेव कारण भेदभावच, हे गृहीत धरायला त्यांचा विरोध आहे. वर्णभेदाच्या काळात फक्त कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या वॉशिंग्टनच्या डनबार हायस्कूलने उत्तम विद्यार्थी कसे घडवले, याचा अभ्यास त्यांनी १९७४ साली मांडला. २०२० साली, वयाच्या नव्वदीत, न्यूयॉर्कमध्ये एकाच इमारतीत भरणाऱ्या चार्टर (सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या) आणि नेहमीच्या सरकारी शाळांचे निकाल त्यांनी शेजारी ठेवून तपासले. गरीब कृष्णवर्णीय मुलांच्या शिक्षणाची इतकी वर्षं चिकाटीने चौकशी करणाऱ्याला त्या मुलांची पर्वा नाही, असं म्हणणं अन्यायाचं आहे.

त्यांच्यावरचा एक आक्षेप मात्र वजनदार आहे: पुरावा मागणारे सोवेल प्रतिकूल पुराव्याला पुरेशी जागा देत नाहीत. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रुगर यांनी न्यू जर्सी आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियातल्या फास्ट फूड उपाहारगृहांची तुलना केली. न्यू जर्सीत किमान वेतन वाढूनही रोजगार घटल्याचं त्यांना आढळलं नाही. त्या अभ्यासाच्या पद्धतीवर वाद झाले, पण त्यानंतर किमान वेतनाचा प्रश्न निकालात निघाला असं कुणालाच म्हणता येत नाही. सोवेल यांच्या लेखनात मात्र तो निकालात निघाल्यासारखा येतो.

आरक्षणाबाबतही तसंच. २००४ च्या पुस्तकात भारत, मलेशिया, श्रीलंका, नायजेरिया आणि अमेरिका यांचा आढावा घेऊन ते दाखवतात की सवलतींचा लाभ बहुधा त्या गटातल्या बऱ्या स्थितीतल्यांनाच मिळतो. हे निरीक्षण आपल्याला नवं नाही. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने इतर मागासवर्गीयांतला उन्नत स्तर वगळायला सांगितलं ते याच कारणाने. पण न्यायालयाने आरक्षण कायम ठेवलं. सोवेल त्याच निरीक्षणावरून धोरणाच्याच विरोधात जातात, आणि मधली पायरी, म्हणजे दुरुस्तीने काय साधतं, ती पुरेशी तपासत नाहीत.