क्षणिक प्रेम व बेफिकीर मौज : विशेषणांची निवड

अल्पकालीन प्रेमसंबंधाचे अथवा बेफिकीर मौजेचे वर्णन करताना विशेषणांची रास रचण्याकडे विद्यार्थ्यांचा कल असतो. वस्तुतः अशा वर्णनात विशेषणे प्रामुख्याने तीन कार्ये करतात. 'अल्पजीवी', 'ओझरता' ही काल सूचित करतात. 'उत्कट', 'मनमुराद' ही तीव्रता दर्शवितात. तर 'उच्छृंखल', 'स्वैर' यांतून नैतिक निवाडा व्यक्त होतो.

व्युत्पत्ती ध्यानात घेतल्यास निवड नेमकी होते. 'उच्छृंखल' म्हणजे शृंखला झुगारलेला. म्हणून जेथे आधी बंधन आहे, तेथेच तो शब्द शोभतो. 'स्वच्छंद' म्हणजे स्वतःच्या इच्छेने वागणारा. त्यात दोषारोप असेलच असे नाही. 'क्षणभंगुर' या शब्दात मोडण्याची प्रतिमा आहे, 'ओझरता' या शब्दात निसटत्या स्पर्शाची.

निवाडा देणारी विशेषणे विशेष सावधपणे योजावी लागतात. 'रंगेल' व 'स्वैर' ही दोन्ही अविकारी विशेषणे होत. लिंगानुसार त्यांचे रूप बदलत नाही. व्यवहारात मात्र पुरुषाचे जे वर्तन 'रंगेल' म्हणून कौतुकाने सांगितले जाते, तेच स्त्रीच्या बाबतीत 'स्वैर' ठरते. संस्कृतात 'स्वैरी' व 'स्वैरिणी' ही दोन्ही रूपे आहेत. मराठीत रुळले ते दुसरेच.

सारांश, विशेषणाची चित्रमयता त्याच्या भडकपणात नसून नेमकेपणात असते. विद्यार्थ्याने 'स्वैर' असे लिहिल्यास हे वर्णन आहे की निकाल, हा प्रश्न अध्यापकाने त्यास अवश्य विचारावा. पात्राला न्याय मिळणे बहुधा त्या उत्तरावर अवलंबून असते.