ओल्या कोपऱ्यातले लव्हाळे

अ‍ॅशबर्न परिसरात घर घेतलेल्या पुष्कळांच्या बॅकयार्डात एक कोपरा असा असतो, की पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी तिथे बूट रुततात. दर वसंतात आपण तिथे गवताचे बी टाकतो आणि जुलैपर्यंत पुन्हा चिखल उघडा पडतो. दोष बियाण्याचा नाही, जमिनीचा आहे. लाउडन काउंटीच्या या पूर्व भागात माती मुळातच चिकण. त्यात वसाहत उभी राहताना वरची सुपीक माती खरवडली जाते आणि खालची माती जड यंत्रांखाली दबून घट्ट होते. पाणी मुरत नाही, लॉनच्या मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात.

अशा जागी पाण्याशी भांडण्यापेक्षा पाणी आवडणारी वनस्पती लावणे शहाणपणाचे. इंग्रजीत जिला सेज म्हणतात, ती म्हणजे आपल्या लव्हाळ्याची भावंडे. महापुरात मोठी झाडे वाहून जातात पण लव्हाळे टिकतात, हा तुकोबांचा दाखला आपण लहानपणापासून ऐकलेला आहे. दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथाही याच कुळातला. ओळखायची खूण सोपी आहे. दांडा दोन बोटांत धरून फिरवा. गवताचा दांडा बहुधा गोल लागतो व त्याला पेरे असतात. सेजच्या दांड्याला सहसा तीन कडा लागतात आणि पेर जाणवत नाही.

इथे कुणी म्हणेल, "लॉनमधला पिवळट नटसेज उपटता उपटता हात दुखले, आता तो मुद्दाम लावायचा?" तसे नाही. नटसेज जमिनीखालच्या गाठींनी पसरतो. आपण लावणार ते कॅरेक्स या जातीचे सेज. त्यांपैकी बहुतेक ठोंब धरून एका जागी राहतात.

ओलीसाठी या भागातलेच चार-पाच चांगले आहेत. कॅरेक्स ग्रेई दोन ते तीन फूट वाढतो आणि त्याला काटेरी गदेच्या डोक्यासारखी फळे येतात. शोभेला हा पहिला. कॅरेक्स क्रिनिटाचे तुरे झालरीसारखे खाली झुकतात. कॅरेक्स स्ट्रिक्टा हळूहळू उंचवटा करतो आणि साचलेले पाणीही सोसतो. कॅरेक्स व्हल्पिनॉइडिया काटक खरा, पण बी सांडून वाढतो, म्हणून लहान वाफ्यात जपून. सावली असेल तर बारीक, मऊ पानांचा कॅरेक्स ब्रोमॉइडीस घ्यावा. डेलावेअरमधील माउंट क्यूबा सेंटरने कॅरेक्सच्या सुमारे 70 प्रकारांची काही वर्षे चाचणी घेऊन 2022 साली अहवाल प्रसिद्ध केला. निवड करण्यापूर्वी तो जरूर पाहावा. नर्सरीत मात्र लॅटिन नाव विचारूनच घ्या. 'आइस डान्स' वगैरे देखणे प्रकार सर्रास मिळतात, पण ते मूळचे जपानचे.

लागवडीला एप्रिल किंवा सप्टेंबरचा उत्तरार्ध उत्तम, कारण हे सेज थंड दिवसांत मुळे धरतात. खणण्यापूर्वी 811 ला फोन करून जमिनीखालच्या तारा आणि नळ खुणा करून घ्या. ही सेवा फुकट आहे. चिकण माती ओली असताना खणू नका, तिची वीट होते. लहान रोपे एक-एक फुटावर, क्रिनिटासारखी मोठी दोन फुटांवर लावावीत. खत नको. पहिल्या उन्हाळ्यात पाऊस नसेल तर आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्या आणि पहिली दोन वर्षे तण काढा. पुढे ठोंब एकमेकांना भिडले की तणाला जागाच उरत नाही. फेब्रुवारीअखेर वाळलेली पाने तीन-चार इंचांवर कापली की वर्षाचे काम संपले. हरणे बहुधा याला तोंड लावत नाहीत, हे इथल्या बागवाल्यांना वेगळे सांगायला नको.

घरमालक संघटनेच्या नियमांचा विचार आधीच करावा. रोपांची नावे, उंची आणि वाफ्याची आखणी दाखवणारा साधा नकाशा जोडून अर्ज द्यावा. वाफ्याला विटांची स्वच्छ कड ठेवली की तो रान न दिसता बाग दिसतो. पाणी वाहून नेणाऱ्या सामाईक चरात लावायचे असेल तर परवानगीशिवाय हात लावू नये. चर अडला तर पाणी शेजाऱ्याच्या तळघरात जाईल.

एवढी खटपट कशासाठी? आपल्या अंगणातून धावत सुटलेले पाणी खत आणि गाळ घेऊन ब्रॉड रन किंवा गूस क्रीकला मिळते, तिथून पोटोमॅक आणि शेवटी चेसापीकच्या उपसागरात जाते. सेजची दाट मुळे त्या पाण्याचा वेग मोडतात, माती धरून ठेवतात. अ‍ॅपलाचियन ब्राऊन या फुलपाखराच्या अळ्या सेजचीच पाने खातात, आणि बी पक्ष्यांच्या कामी येते. उपऱ्या गवताच्या हिरवळीला यातले फारसे काही जमत नाही.

तेव्हा पुढच्या मोठ्या पावसानंतर छत्री घेऊन बाहेर पडा आणि साचलेल्या पाण्याच्या कडेने चार काठ्या रोवून ठेवा. वाफा कुठे आणि केवढा हवा, हे पाण्याने आधीच आखून दिलेले असेल.