हडपसरला हवी कालव्याकाठची वाट

आषाढी वारीत ज्ञानोबा आणि तुकोबांच्या पालख्या हडपसरला वेगळ्या होतात. माउली दिवे घाट चढून सासवडला जातात, तुकोबा सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला. एरवी हे दोन्ही रस्ते ट्रक, बस आणि मोटारींचे. सायकल घेऊन मोकळ्या हवेत निघालेल्याला तिथे जागा नाही. शेतकऱ्यांनी जमिनी एकत्र करून उभारलेल्या मगरपट्टा सिटीत बाग आहे, सावली आहे, पण तिथली फेरी वसाहतीतच संपते. हडपसरला सलग, लांब जाणारी वाट हवी, आणि ती खडकवासल्याहून दौंड-इंदापूरकडे जाणाऱ्या नव्या मुठा उजव्या कालव्याच्या काठाने सहज होऊ शकते. पाणी आपल्या वजनाने वाहावं म्हणून कालव्याला उतार नाममात्रच असतो. त्याच्या काठाची वाट लहान मुलांना आणि साठीपुढच्यांनाही झेपेल.

नदी असताना कालवा कशाला, असं कोणी म्हणेल. मुळा-मुठा हडपसरच्या उत्तरेला मुंढवा-मांजरीवरून वाहते, तिच्या काठावर हक्क सांगायलाच हवा. पण महापालिकेची नदीकाठ सुधार योजना 44 किलोमीटरची आहे, आणि मैलापाणी थांबल्याशिवाय त्या काठावर कोणी रमणार नाही. दुसरा आक्षेप अनुभवाचा आहे: 2006 मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी सुरू झाली, तिच्या कडेच्या सायकल मार्गांवर पुढे गाड्या उभ्या राहिल्या, टपऱ्या आल्या. खरं आहे, पण तो मार्ग दुकानांच्या दारातून जात होता. कालव्याच्या काठावर तो मोह बराच कमी.

सर्वांत गंभीर आक्षेप सुरक्षिततेचा. 27 सप्टेंबर 2018 रोजी दांडेकर पुलाजवळ हाच कालवा फुटला, अनेक घरं वाहून गेली. उंदीर-घुशी आणि खेकड्यांनी भराव पोखरला, असं तेव्हाच्या जलसंपदामंत्र्यांनी सांगितलं. हे कारण मान्य केलं, तरी त्यातून निघतं ते एवढंच, की भरावावर रोजची नजर नव्हती. माणसांचा वावर असलेल्या काठावर पाझर लवकर दिसतो, कचराही लपून टाकता येत नाही. कठडे मात्र पक्के हवेत, देखभालीच्या वाहनांना वाट राखलेली हवी, आणि काठावर राहणाऱ्या गरिबांची घरं सायकलींसाठी हलवायची नाहीत. तिथे वाट वळसा घेईल. कालवा जलसंपदा खात्याचा, सायकल आराखडा महापालिकेचा. दोघांनी मिळून हडपसरच्या हद्दीतला एक तुकडा आधी करून दाखवावा.