संगोपन तळ्यातील किड्यांची पारख

भंडारा व गोंदिया जिल्ह्यांतील मालगुजारी तलावांवर मत्स्यव्यवसाय करणाऱ्या संस्थांना पावसाळ्यात संगोपन तळ्यांची चिंता असते. रोहू, कटला व मृगळ यांचे जिरे जेमतेम पाच-सहा मिलिमीटर लांब. पाण्यातील मांसाहारी किडे ते हां हां म्हणता फस्त करतात. पंधरा-वीस दिवसांनी जाळे ओढावे तो हाती मूठभर बीज यावे, आणि बोल जिरे विकणाऱ्यास लागावा! जिरेही कधी निकृष्ट असते. परंतु तळे आधी तपासले असेल तरच तसे ठामपणे म्हणता येते.

तपासणीस लोखंडी कड्याला मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी शिवलेले, लांब दांड्याचे जाळे पुरे. कड्याची एक बाजू सपाट असावी, म्हणजे ते तळाशी नीट टेकते. एक मीटर ओढून, ढवळलेल्या पाण्यातून लगेच उलट फिरवावे. किडे वनस्पतींच्या आडोशास अधिक असतात. म्हणून केवळ तेथेच जाळे घातल्यास अंदाज फुगतो, आणि केवळ उघड्या पाण्यात घातल्यास फसतो. गवताचा काठ, मोकळा काठ व मध्यभाग येथे प्रत्येक वेळी सारख्याच ओढी घ्याव्यात. पाणभुंगेरे व पाणढेकूण उडून नव्याने येत असल्याने आठवड्यापूर्वीची तपासणी निरुपयोगी होय.

जाळ्यातील ऐवज पांढऱ्या एनॅमलच्या तबकात थोड्या स्वच्छ पाण्यात पसरावा. पाने धुऊन काढावीत. नजर स्वभावतः मोठ्या व वळवळणाऱ्या किड्यांकडे जाते, आणि गाळात निपचित पडलेली चतुराची अळी हमखास सुटते. यास्तव तबकावर चौकटी आखून एकेक चौकट पूर्ण तपासावी. उताणा पोहणारा पाणढेकूण मांसाहारी असून त्याचा दंश झोंबतो. त्याच्यासारखाच दिसणारा, पण पालथा पोहणारा किडा बहुधा निरुपद्रवी असतो.

यापुढील निवड महत्त्वाची. वेचलेले किडे काचेच्या बरणीत सोडून श्वासाकडे लक्ष द्यावे. पाणढेकूण, पाणविंचू, पाणभुंगेरे व त्यांच्या बहुतेक अळ्या हवेसाठी पृष्ठभागावर येतात. चतुराची अळी मात्र पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगते व तळाशीच बसून राहते. हेक्टरी ५६ किलो तेल व १८ किलो साबण, म्हणजे गुंठ्याला सुमारे ५६० ग्रॅम व १८० ग्रॅम, यांचे मिश्रण जिरे सोडण्यापूर्वी १२ ते २४ तास वारा नसताना पसरण्याची प्रचलित रीत आहे. त्या तवंगाने हवा घेणारे किडे गुदमरतात. चतुराच्या अळीस त्याची बाधा होत नाही. बरणीत तीच अधिक दिसल्यास तेलाचा खर्च वाया जातो. तेथे वनस्पती काढणे, बारीक जाळे वारंवार ओढणे, आणि शक्य असेल तर तळे उपसून वाळविणे हाच उपाय होय.

उपचारानंतर, जिरे सोडण्यापूर्वी, पूर्वीच्याच जागी तितक्याच ओढी पुन्हा घ्याव्यात. चतुराच्या अळ्या पहिल्याइतक्याच निघाल्या, तर जिरे सोडणे लांबणीवर टाकावे.