वानरवंशाची शीतपेढी

वीर्यपेढी ही संकल्पना वैद्यक व्यवसायातील मंडळींना नवीन नाही. कर्करोगाचे उपचार सुरू करण्यापूर्वी तरुण रुग्णाचे शुक्राणू गोठवून ठेवावेत, हा सल्ला आता नित्याचा झाला आहे. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी गोठविलेल्या वीर्याच्या कांड्याही गावोगावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत पोहोचल्या आहेत. दुर्मीळ वानरजाती वाचविण्यासाठी याच तंत्राचा कितपत उपयोग होतो, याचा थोडक्यात परिचय येथे करून देत आहे.

पश्चिम घाटातील सिंहपुच्छ वानराचे उदाहरण घेऊ. काळे अंग आणि चेहऱ्याभोवती करडी आयाळ असलेला हा प्राणी कर्नाटक, केरळ व तामिळनाडूतील अरण्यांखेरीज जगात कोठेही नैसर्गिक अवस्थेत आढळत नाही. त्याची तेथील संख्या चार हजारांच्या आत मानली जाते. चहा-कॉफीचे मळे, रस्ते व धरणे यांमुळे अरण्याचे तुकडे पडले. बहुतेक आयुष्य झाडांवर काढणाऱ्या या वानरांना एका तुकड्यातून दुसऱ्यात जाणे दुरापास्त झाले. कळपात बहुधा एकच प्रौढ नर असतो, आणि मादीला दोन-तीन वर्षांनी एखादे पिल्लू होते. अशा कोंडलेल्या कळपांत जवळच्या नात्यात संकर होऊ लागतो. त्याचे आनुवंशिक दुष्परिणाम डॉक्टरांना वेगळे सांगावयास नकोत.

प्राणिसंग्रहालयांतील लहान कळपांपुढेही हाच प्रश्न असतो. नवे रक्त आणण्यासाठी नर दुसरीकडे न्यावा, तर प्रवासाचा ताण व रोगसंसर्गाचा धोका पत्करावा लागतो. शिवाय नवा कळप त्याला स्वीकारेलच असे नाही. नराऐवजी त्याच्या वीर्याची कांडी पाठविता आली तर हे बरेचसे टळते. नराच्या मृत्यूनंतरही त्याचा वंश पुढे नेता येतो.

वीर्य मिळविण्यासाठी सामान्यतः नराला भूल देऊन गुदाशयात शलाका घालतात व सौम्य विद्युत उत्तेजन देतात. दक्षिण अमेरिकेतील चिमुकल्या मार्मोसेट माकडांत भूल न देता, केवळ कंपनाच्या साहाय्यानेही वीर्य मिळविता येते. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. मानवी वीर्य प्रथम घट्ट होते व सुमारे अर्ध्या तासात प्रोस्टेटमधील विकरांमुळे पातळ होते. मकाक गटातील माकडांच्या वीर्याचा मात्र घट्ट गोळा बनतो आणि तो पूर्णपणे विरघळत नाही. त्यात पुष्कळ शुक्राणू अडकून पडतात. म्हणून शरीराच्या तापमानाला काही वेळ ठेवून सुटा झालेला द्रवभाग तेवढा वेगळा काढावा लागतो.

पुढचा टप्पा गोठविण्याचा. पेशीत बर्फाचे स्फटिक तयार झाले तर तिचा नाश होतो. 1949 साली इंग्लंडमध्ये पोल्ज, स्मिथ व पार्क्स यांनी ग्लिसरॉलमुळे हा धोका टळतो असे दाखविले आणि आधुनिक वीर्यपेढ्यांचा पाया घातला. अंड्याचा पिवळा बलक व ग्लिसरॉल असलेल्या द्रावणात शुक्राणू मिसळतात, ते सावकाश 5 अंशांपर्यंत थंड करतात, नंतर नायट्रोजनच्या वाफेत धरतात आणि शेवटी उणे 196 अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवितात. द्रावणाचे प्रमाण व थंड करण्याचा वेग प्रत्येक जातीसाठी स्वतंत्रपणे ठरवावा लागतो. एका जातीची कृती दुसरीला जशीच्या तशी लागू पडत नाही. त्यातच मकाक मादीच्या गर्भाशयमुखाचा मार्ग नागमोडी असल्याने रेतनही कौशल्याचे काम ठरते.

तरीही यश मिळाले आहे. गोठविलेल्या शुक्राणूंच्या कृत्रिम रेतनातून ऱ्हीसस माकडांची पिल्ले जन्मल्याचे ओरेगॉन येथील शास्त्रज्ञांनी 2000 साली प्रसिद्ध केले. 2019 मधील वृत्त तर डॉक्टरांनाही मोलाचे आहे. वयात न आलेल्या ऱ्हीसस नराच्या वृषणाची ऊती गोठवून नंतर त्याच्याच त्वचेखाली रोपण करण्यात आली. तीत तयार झालेल्या शुक्राणूंपासून ‘ग्रेडी’ ही मादी जन्मली. कर्करोगग्रस्त लहान मुलग्यांसाठी ही आशेची वाट आहे.

आपल्या हैदराबादेतील सीसीएमबीच्या ‘लॅकोन्स’ या प्रयोगशाळेत वन्य प्राण्यांसाठी असे तंत्र विकसित केले जाते. तेथील शास्त्रज्ञांच्या कृत्रिम रेतनाच्या प्रयोगांतून 2006 साली चितळाचे व 2007 साली काळविटाचे पाडस जन्मले. वन्य प्राण्यांच्या जनुकीय ठेव्याची राष्ट्रीय पेढीही तेथेच आहे.

मात्र या पेढीची मर्यादा ओळखली पाहिजे. गोठविलेले वीर्य जातीचा वारसा टिकविते. पण पिल्लाला वाढविणारी आई, जगण्याची रीत शिकविणारा कळप आणि फळझाडांनी भरलेले अरण्य नायट्रोजनच्या टाकीत ठेवता येत नाही. ही पेढी आपल्याला काही काळाची सवड मिळवून देते. त्या अवधीत तुटलेली अरण्ये जोडली गेली नाहीत, तर ठेव सुरक्षित राहील आणि ती वापरावयास जागा उरणार नाही.

सॅन डिएगो येथील सुप्रसिद्ध ‘फ्रोझन झू’ 1975 च्या सुमारास उभारणारे कर्ट बेनिर्श्के हे मूळचे मानवी वारेचे गाढे अभ्यासक, विकृतिशास्त्रज्ञ होते. या कार्यात भूलतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ, वंध्यत्वतज्ज्ञ अशा सर्वांच्या ज्ञानाला स्थान आहे. आपल्या सभासदांपैकी कोणाला त्यात रस वाटला, तर या लेखाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.